उपचार थांबवावे कोणी, आणि कोणासाठी?

मरण कोणाला चुकलेले नाही, हे सांगण्यासाठी व्याख्यानमालेची गरज नाही. ते आपल्याला कीर्तनकारांनी लहानपणीच सांगितले आहे. परंतु मरण थोडे पुढे ढकलण्याची शक्ती माणसाच्या हाती आल्यावर, ते किती ढकलावे आणि ढकलणे कधी थांबवावे, हा प्रश्न कीर्तनकारांपुढे नव्हता. तो आपल्या काळाने निर्माण केला आहे. परळ, लालबाग, दादर, गिरगाव या वस्त्यांत असे घर सापडणे कठीण की ज्यातील कोणी ना कोणी अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभा राहून या प्रश्नाशी झगडलेला नाही.

आम्ही डॉक्टर नाही, वकील नाही आणि धर्मशास्त्राचे पंडितही नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, आणि जे वाचले ते पाळी संपल्यानंतर वाचले. म्हणून या विषयाकडे आम्ही आमच्या सवयीप्रमाणे पाहणार आहोत. कोणताही निर्णय समोर आला की आम्ही दोन गोष्टी विचारतो: हा निर्णय कोणी घेतला, आणि त्याची किंमत कोण देतो? जीवनरक्षक उपचार थांबवण्याच्या बाबतीत हे दोन प्रश्न विचारले, तर नीतीची पुष्कळशी गुंतागुंत उलगडते असा आमचा अनुभव आहे.

प्रश्न जन्मास कसा आला

१९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून रोगी गुदमरून मरत. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने एक उपाय काढला. रोग्याच्या श्वासनलिकेत नळी घालायची आणि तिला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा भरायची. पण हे काम दिवसरात्र करणार कोण? वैद्यकीय महाविद्यालयाचे शेकडो विद्यार्थी पुढे आले आणि त्यांनी पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे, त्या पिशव्या दाबल्या. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम या पाळ्यांत आहे. पुढे हातांच्या जागी यंत्र आले. यंत्राला थकवा नसतो, आणि नेमकी तेथेच अडचण सुरू झाली. हात थकतो तेव्हा माणूस विचार करतो. यंत्र आपण होऊन कधीच विचारीत नाही की, मी अजून चालावे काय?

हा प्रश्न डॉक्टरांनाच प्रथम टोचला. १९५७ साली भूलतज्ज्ञांनी तो पोप बारावे पायस यांच्यापुढे ठेवला. प्राण रक्षण करण्यासाठी साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे, परंतु रोग्यावर वा त्याच्या कुटुंबावर असह्य भार टाकणारे असाधारण उपाय करण्याची सक्ती नाही, असे उत्तर पोपांनी दिले. आत्महत्येला आणि हत्येला कडवा विरोध करणाऱ्या धर्मपीठाने हा भेद मान्य केला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शब्दांची साफसफाई

आपल्याकडे या विषयावर वाद होतात ते निम्मे शब्दांच्या घोटाळ्यामुळे. म्हणून आधी चार गोष्टी वेगळ्या करू.

पहिली, मेंदूमृत्यू. मेंदू व त्याचा देठ कायमचा बंद पडला, आणि केवळ यंत्रामुळे छाती हलते आहे, अशी ही अवस्था. १९६८ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने तिच्या कसोट्या मांडल्या, आणि आपल्या देशात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने तिला मान्यता दिली. दुसरी अवस्था अशी की, रोगी डोळे उघडतो, झोपतो, जागतो, आपला श्वास आपण घेतो, पण भोवतालचे भान असल्याची खूण देत नाही. हा रोगी मेलेला नाही. तिसरी, रोगी शुद्धीत आहे, रोग मात्र शेवटच्या टप्प्याला पोचला आहे आणि उपचाराने तो हटणार नाही. चौथी अवस्था आजाराची नव्हेच. माणूस जगण्याला कंटाळला आहे. या चौघांना एकाच 'इच्छामरण' या शब्दात कोंबले की वाद पेटतो आणि उजेड मात्र पडत नाही.

त्याचप्रमाणे, विषारी इंजेक्शन देऊन प्राण घेणे आणि निष्फळ ठरलेले उपचार काढून घेऊन रोगाला त्याच्या मार्गाने जाऊ देणे, या दोन भिन्न क्रिया मानल्या जातात. पहिलीला सक्रिय दयामरण म्हणतात, दुसरीला निष्क्रिय. परिणाम एकच, मग भेद कशाला, असे विचारणारे विचारवंत आहेत, आणि त्यांचा प्रश्न पोकळ नाही. आमचे उत्तर असे की, पहिल्या क्रियेत मरणाचे कारण माणूस असतो, दुसरीत रोग. हा भेद काटेकोर नसला तरी डॉक्टरच्या हातावर आणि गरिबाच्या भरवशावर त्याचा मोठा परिणाम होतो. आपल्या कायद्याने सक्रिय दयामरण आजही नाकारले आहे.

परळची साक्ष

या साऱ्या प्रश्नाची भारतातील सर्वांत मोठी परीक्षा आपल्या परळमध्ये झाली. किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय, ज्याला आपण सारे केईएम म्हणतो, ते १९२६ साली सुरू झाले. गिरणगावाच्या कितीतरी पिढ्या तेथे जन्मल्या, बऱ्या झाल्या आणि तेथेच संपल्या. कारवार किनाऱ्यावरील हळदीपूरहून आलेल्या अरुणा शानबाग तेथे परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या केईएमच्या खाटेवर होत्या. आरोपीस हल्ला व चोरीबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप लागलाच नाही.

आता कामगार चळवळीच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पाहा. घटनेनंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. मागणी वेतनाची नव्हती. अरुणाताईंची नीट काळजी घ्या आणि आम्हांला कामावर संरक्षण द्या, ही मागणी होती. पुढे १९८० च्या दशकात, एक खाट वर्षानुवर्षे अडून राहिली आहे म्हणून त्यांना रुग्णालयाबाहेर हलवण्याचे प्रयत्न महापालिकेने केले. परिचारिकांनी ते हाणून पाडले. ज्यांनी अरुणाताईंना हसताबोलताना पाहिले होते त्या एकामागून एक निवृत्त झाल्या. मागून आलेल्या मुलींनी त्यांना कधीच बोलताना ऐकले नव्हते, तरी त्यांनी सेवा तशीच चालू ठेवली. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात, हे ज्याच्या घरी असा रोगी आहे तो जाणतो. छत्तीस वर्षांत अरुणाताईंच्या अंगावर अशी एक जखम झाली नाही, याची सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंद आहे. ज्यांनी कोणाला कूस बदलून दिली आहे त्यांनाच या एका वाक्यामागे किती पाळ्यांचे श्रम आहेत ते कळेल.

न्यायालयात काय झाले

अरुणाताईंवर पुस्तक लिहिलेल्या पत्रकार पिंकी विराणी यांनी २००९ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ज्या जगण्यात माणसाला माणूसपण उरलेले नाही ते जबरदस्तीने चालवणे ही क्रूरता आहे, म्हणून अन्न देणे थांबवून त्यांना शांतपणे जाऊ द्यावे, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने मुंबईतील तीन नामवंत डॉक्टरांची समिती नेमली. समितीने त्यांना तपासले. अरुणाताई मेंदूमृत नाहीत, त्या भान हरपलेल्या कायमच्या अवस्थेत आहेत, असा अहवाल आला. त्या कोणत्याही श्वसनयंत्रावर नव्हत्या. बहुतेक वर्षे त्यांना मऊ केलेले अन्न तोंडाने भरवले जात होते, आणि मासे दिले की त्या आवडीने खातात, असे रुग्णालयाचे लोक सांगत.

७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. त्याचे दोन भाग आहेत आणि दोन्ही ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला, विशिष्ट परिस्थितीत उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवनरक्षक उपचार थांबवता येतील, हे देशात प्रथमच मान्य झाले. दुसरा, अरुणाताईंच्या बाबतीत अर्ज फेटाळला गेला. कारण, रोगी स्वतः बोलू शकत नसेल तर त्याच्या वतीने बोलणारा निकटचा मित्र कोण, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने असे दिले की, अर्जदार नव्हे, तर दिवसरात्र सेवा करणारे केईएमचे कर्मचारी. आणि त्या कर्मचाऱ्यांना त्यांनी जगावे असे वाटत होते.

आमच्या मते या निकालात एक तत्त्व दडलेले आहे, आणि ते कायद्याच्या पुस्तकांत सहसा ठळक केले जात नाही. माणसावर अधिकार रक्ताने येतो तसा श्रमानेही येतो. ज्याने कूस बदलली, घास भरवला, घाण काढली, त्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. कामगाराच्या श्रमाला न्यायासनासमोर असा मान क्वचितच मिळतो.

परंतु येथे थांबलो तर आपण स्वतःची फसवणूक करू. सेवा करणाऱ्याचे प्रेम म्हणजे सेवा घेणाऱ्याची इच्छा नव्हे. अरुणाताईंना स्वतःला काय हवे होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ना परिचारिकांना, ना विराणींना, ना न्यायमूर्तींना. विराणींचा अर्ज फेटाळला गेला तरी त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता, आणि तो विचारला नसता तर पुढचा कायदा झाला नसता. एका बाजूला निर्दय बाई आणि दुसऱ्या बाजूला मायाळू परिचारिका, असे चित्र रंगवणे हा दोघींवरही अन्याय आहे. दोन्ही बाजू एकाच मौनासमोर उभ्या होत्या.

आपल्या परंपरेत काय आहे

हा विचार पश्चिमेकडून आला असे पुष्कळजण म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. दादरला शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न, पाणी व औषध सोडले आणि त्या महिन्याच्या २६ तारखेला देह ठेवला. आत्महत्या आणि आत्मार्पण यांत फरक आहे, हा विचार त्यांनी आधीच लेखाने मांडला होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार आश्रमात विनोबांनी आजारपणात अन्न व औषध नाकारले आणि १५ तारखेस ते गेले. राजकीय विचाराने एकमेकांपासून कोसो दूर असलेल्या या दोन पुरुषांनी, आपले कार्य संपले असता उपचार नाकारण्याचा हक्क मात्र सारखाच बजावला. जैन समाजातील सल्लेखनेची प्रथा याहून जुनी आहे. तिला राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये गुन्हा ठरवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

अहिंसेचे दैवत मानल्या गेलेल्या गांधीजींनी १९२८ साली आश्रमातील असह्य वेदनेत तळमळणाऱ्या, वाचण्याची आशा नसलेल्या वासराला इंजेक्शन देऊन मरण दिले. देशभर काहूर उठले. त्यांनी आपली बाजू निर्भयपणे मांडली, ती अशी की, स्वार्थाने वा रागाने प्राण घेणे ही हिंसा, आणि दुसरा उपाय नसता केवळ त्या जिवाच्या दुःखमुक्तीसाठी घेणे ही हिंसा नव्हे. माणसाच्या बाबतीत सेवेची शक्यता बहुधा उरलेली असते, हेही त्यांनी बजावले. ही कसोटी, म्हणजे कृत्य कोणासाठी केले ते पाहणे, आम्हांला सर्वांत कामाची वाटते.

एक सावधगिरी मात्र हवी. सावरकर व विनोबा शुद्धीत होते, मानलेले पुढारी होते, त्यांच्या भोवती सेवा करणारी माणसे होती. त्यांचे उदाहरण देऊन एखाद्या घरातील म्हातारीला 'आता तुझे कार्य संपले' असे सुचवणे, हा त्या उदाहरणाचा दुरुपयोग आहे.

आजचा कायदा

मुंबईच्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने १९८६ साली आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलमच घटनाबाह्य ठरवले होते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, जगण्याच्या हक्कात मरणाचा हक्क येत नाही, असे सांगून तो विचार मागे घेतला. परंतु मरणाची क्रिया सुरूच झालेली असेल तर ती सन्मानाने पुरी होऊ देणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, एवढी फट उघडी ठेवली. त्या फटीतून ९ मार्च २०१८ चा निकाल आला. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. मी शुद्धीत नसेन आणि बरे होण्याची आशा नसेल, तेव्हा मला अमुक उपचार नकोत, असे सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येते.

प्रारंभी या इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. सामान्य माणसाला ते जवळजवळ अशक्यच होते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित केले की पुरे. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या विश्वासाच्या माणसांची नावे त्यात लिहायची, आणि एक प्रत स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी याचा पाठपुरावा केला, उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि महापालिकेने विभागवार असे अधिकारी नेमले.

प्रत्यक्ष उपचार थांबवण्यापूर्वी रुग्णालयाचे एक वैद्यकीय मंडळ आणि त्यानंतर वेगळ्या तज्ज्ञांचे दुसरे मंडळ यांचे मत घ्यावे लागते. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. इच्छापत्र नसेल तर कुटुंबाच्या संमतीने हाच मार्ग चालतो. मतभेद झाला तर उच्च न्यायालय आहेच.

कायद्याबाहेरचा निर्णय

कायदा चांगला आहे. पण आमच्या वस्त्यांत उपचार थांबतात ते बहुधा या मार्गाने नव्हेत. दोन मंडळे बसत नाहीत, इच्छापत्र निघत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी बिल हातात पडते, मंगळसूत्र गहाण पडलेले असते, आणि मुलगा कागदावर सही करतो की रोग्याला आम्ही आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत. नीतिशास्त्राची पुस्तके ज्याला निष्क्रिय दयामरण म्हणतात ते हेच काय? मुळीच नव्हे. त्यात दया नाही आणि इच्छाही नाही. केवळ पैसे संपले आहेत. गांधीजींची कसोटी लावा. हे कृत्य रोग्यासाठी झाले नाही, हिशेबासाठी झाले. तो मुलगा दोषी नाही. त्याला निवड करायला काही उरलेच नव्हते.

दुसऱ्या टोकाला, ज्याच्यापाशी विमा आहे, त्याची यंत्रे कधी कधी आशा संपल्यावरही चालू राहतात, कारण थांबवा म्हणण्याचे धैर्य कोणात नसते आणि बिल तर भरले जातच असते. एकाचे उपचार वेळेआधी थांबतात, दुसऱ्याचे वेळ टळून गेली तरी थांबत नाहीत. आणि दोन्हीकडे निर्णय रोग्याने नव्हे, पैशाने घेतलेला असतो. आमच्या मते या विषयातील खरी अनीती ती हीच.

यास्तव आमचा आग्रह दोन गोष्टींचा आहे, आणि त्या जोडीनेच मागायला हव्यात. उपचार थांबवणे म्हणजे सेवा थांबवणे नव्हे. यंत्र काढले तरी वेदना शमवणे, तोंड ओले करणे, कूस बदलणे, जवळ बसणे चालूच राहिले पाहिजे. १९८६ साली वांद्र्यास सुरू झालेले शांती आवेदना सदन हे अशा सेवेचे देशातील पहिले घर. अशी घरे आणि घरी येऊन वेदना शमवणारी पथके सार्वजनिक खर्चाने वाढली पाहिजेत. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला तेव्हा आजारपण हे एकट्या कामगाराचे दुर्दैव नसून समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व मान्य झाले. तेच तत्त्व आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांना लावायचे आहे. ही सोय नसताना मरणाचा हक्क देणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे स्वातंत्र्य देणे होय.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. शुद्धीत असताना, घरात सगळे धडधाकट असताना, हे बोलून घ्या. आम्ही संघटनेत शिकलो की, तोंडी कराराला संकटात किंमत राहत नाही; लिहून, साक्षीदारांसह सही झाली पाहिजे. मला काय हवे, काय नको, माझ्या वतीने कोण बोलेल, हे लिहा. काहीही झाले तरी उपचार थांबवू नका, असे वाटत असेल तर तेही लिहा. तीसुद्धा इच्छाच आहे आणि तिचा मान तितकाच आहे. आपण लिहिले नाही, तर तो निर्णय आपल्या लेकरांना काचेबाहेर उभे राहून घ्यावा लागेल, आणि तो बरोबर होता की चूक, हे ओझे त्यांना जन्मभर वाहावे लागेल. अरुणाताईंना लिहिण्याची संधी मिळाली नाही. आपल्याला ती आहे.